छापखाना आणि जुन्नरचा कागद

एके काळीं आपल्या जुन्नरचा हातकागद पेशव्यांच्या दप्तरांत वापरला जाई. पुढें मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढिलें. १८६९ सालीं जावजी दादाजींचा ‘निर्णयसागर’ निघाला. दोघेही अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकलेले. खिळे एकदां जुळविले कीं शंभर प्रती काढा वा हजार, जुळणीची मजुरी तीच. म्हणून प्रती वाढल्या तसें पुस्तक स्वस्त झालें. परंतु स्वस्त छपाईस गिरणीचाच कागद परवडे, आणि आमच्या कागद्यांचा धंदा बसला. माझ्या मतें यांत छापखान्याचा दोष नाहीं. पण आपणांस मिळालेल्या स्वस्त विद्येची किंमत शेजारच्या कष्टाळू हातांनीं दिली, हें विसरणें कृतघ्नपणाचें होय. विद्यार्थिमित्रहो, वहीचें कोरें पान फाडून टाकण्यापूर्वीं एवढें अवश्य आठवावें.