जुन्या लाकडाची किंमत

‘शॅले’ हा शब्द आज विलासाचा पर्याय झाला आहे. मुळात तो आल्प्सच्या उंच कुरणांवर उन्हाळ्यात गुरे चारणाऱ्या आणि तेथेच चीज करणाऱ्या गुराख्यांचा लाकडी निवारा होता. त्याच्या लहान खिडक्या आणि जाड भिंती यांमागे थंडी व दारिद्र्य यांचा रोकडा हिशेब होता.

स्वित्झर्लंडमधील ग्स्टाड किंवा फ्रान्समधील कूर्शव्हेल येथील आजच्या शॅलेत हा हिशेब उलटा झालेला दिसतो. जुन्या गोठ्यांचे ऊनपावसाने करडे पडलेले लाकूड उतरवून दिवाणखान्याच्या भिंतींना लावतात. ते नव्या लाकडाहून महाग पडते. कुऱ्हाडीचे घाव मुद्दाम राखले जातात. शोभेला गाईच्या गळ्यातील घंटा, पायाखाली आतून तापवलेली फरशी आणि तळघरात पोहण्याचा तलाव. श्रमाचा व्रण अलंकार झाला. श्रमिक मात्र घरातून हद्दपार झाला.

स्वित्झर्लंडमधील बांधकामे आणि हॉटेले ज्यांच्या बळावर चालली, त्या इटली, स्पेन, पोर्तुगाल व युगोस्लाव्हियातील हंगामी कामगारांना वर्षातून फार तर ९ महिन्यांचा परवाना मिळे. कुटुंब आणण्यास बंदी होती. काहींनी मुले चोरून आणली व बंद खोल्यांत लपवून वाढवली. ‘कपाटातील मुले’ हे नाव त्यांना पडले. हा परवाना २००२ साली रद्द झाला.

आज ही सुटीची घरे वर्षातील बराच काळ बंद असतात आणि जमिनीचे भाव धनिकांच्या ऐपतीने ठरतात. म्हणूनच ११ मार्च २०१२ रोजी स्विस जनतेने ५०.६ टक्के मतांनी, कोणत्याही गावात अशा दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे, असा निर्णय दिला. मात्र वॅलेसारख्या डोंगरी प्रांताने त्याला प्रचंड बहुमताने विरोध केला. त्या विरोधामागे केवळ जमीनमालकांचा स्वार्थ पाहणे चूक ठरेल. तेथील सुतार-गवंड्यांची रोजीच या बांधकामावर अवलंबून होती.

समाजवाद्यांनी उत्तर द्यायचे ते या भीतीला. नुसत्या बंदीने सुताराचे पोट भरत नाही. वर्षभर गावात राहणाऱ्यांसाठी परवडणारी घरे बांधतानाही त्याच्या हाताला काम मिळते, आणि झुरिकमधील सहकारी गृहनिर्माणाची शतकाहून जुनी परंपरा त्याच देशात डोळ्यांसमोर आहे. जुन्या लाकडाला मोल देणाऱ्या समाजाने ते तासणाऱ्या हातांना छप्पर द्यावे, एवढीच मागणी आहे. आणि ती दयेची नव्हे, न्यायाची आहे.