सांध्यांचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९८९ नंतर जे करून दाखविले, त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. गावाने डोंगरउतारावर समतल चर खोदून धावते पाणी अडविले, शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास मनाई केली आणि दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पिके ठरविण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. शेजारगावचा ऊस पाहून नव्हे, तर आपल्या शिवारातील पाणी पाहून पेरणी करावी, हा तो धडा. जमिनीच्या बाबतीत आपल्याला पटणारा हा हिशेब शरीराच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. त्या उत्साहात वर्षभर खुर्चीला खिळलेला कारकून, फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक आणि पुस्तकावर वाकलेला विद्यार्थी एकाएकी पद्मासन घालू पाहतात. चार दिवसांत गुडघा धरतो, मनगट ठणकते आणि 'योग आपल्याला मानवत नाही' असा निष्कर्ष काढून सतरंजी गुंडाळली जाते. हा दोष योगाचा नव्हे, उतावळेपणाचा आहे.

स्नायूंना रक्तपुरवठा विपुल असल्याने ते लवकर सरावतात. कंडरा आणि अस्थिबंध यांना तो तोकडा असतो. सांध्यातील कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नसतात. हालचालीने फिरणाऱ्या सांध्यातील द्रवावरच तिचे पोषण होते. म्हणून सांध्यांना तयार होण्यास महिने लागतात. पद्मासनात पायाचे वळण खुब्यातून यावयास हवे. खुबा आखडलेला असला, तर तो पीळ गुडघ्यावर पडतो. आणि गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा, पीळ सोसण्यासाठी घडलेला नव्हे.

यास्तव आरंभी सांधे हळूहळू हलवून ऊब आणावी. झटके देऊ नयेत. मांडी घालताना बैठकीखाली कांबळ्याची घडी आणि अधांतरी राहणाऱ्या गुडघ्यांखाली उशी घ्यावी. हातांवर भार देणारी आसने प्रथम एक दिवसाआड करावीत. आधार घेण्यात कमीपणा नाही, पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या यांचा उपयोग रूढ केला तो याच विचाराने. पतंजलींनीही आसनात स्थैर्याच्या जोडीला सुख अपेक्षिले आहे. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरत असेल, तर चिंता नको. सांध्यात कळ आली वा सूज दिसली, तर मात्र थांबावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सामुदायिक कार्यक्रम योजणाऱ्या शाळांनीही एवढे पाहावे की, तयारी काही आठवडे आधी सुरू व्हावी आणि ज्याला जेथे थांबावेसे वाटेल, तेथे त्याला संकोचाविना थांबता यावे. एका सकाळच्या एकसारख्या रांगांपेक्षा वर्षभर टिकणारा सराव मोलाचा. पाणी मुरू दिले, तरच विहीर भरते. सांध्यांनाही तेवढी सवड दिलीच पाहिजे.