अंगठ्याखालचा एलिव्हेटर

आरव्ही-७ किंवा आरव्ही-८ बांधायला घेतलं की पहिला खोका येतो तो शेपटीचा. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची ही जुनी रीत आहे. रिव्हेट मारणारा हात शेपटीवर बसवायचा आणि मग पंखांकडे वळायचं. पण त्या पहिल्याच ऑर्डरीत विचारलं जातं, एलिव्हेटरचा ट्रिम केबलचा हवा की विजेचा? ज्याने अजून पत्र्याला भोकही पाडलेलं नाही, त्याला हे ठरवायचं असतं. हल्ली कल विजेकडे असतो. डाव्या एलिव्हेटरमध्ये रे ॲलनचा छोटा सर्व्हो बसतो, टॅब जोडला जातो, झाकण लागतं आणि शेपूट गॅरेजच्या भिंतीवर चढते. सर्व्होच्या पाच तारांना वीज मिळते ती पंख, धड, इंजिन आणि पॅनेल उरकल्यावर, म्हणजे अनेकदा काही वर्षांनी.

आमची तक्रार या मधल्या काळाबद्दल आहे. ट्रिमचं यांत्रिक काम नवशिका हात करतो, विजेचं काम उड्डाणाची घाई झालेला माणूस करतो, आणि दोन्ही मिळून एक यंत्रणा आहे या नजरेने तिच्याकडे कुणीच पाहत नाही. उलट ट्रिमची गणना सोयींमध्ये होते, हीटर आणि यूएसबी सॉकेटच्या पंगतीत.

टॅबचं वजन नगण्य, पण तो बसतो एलिव्हेटरच्या मागच्या कडेला, बिजागरीपासून सगळ्यात लांब. १६ सप्टेंबर २०११ रोजी रेनोच्या शर्यतीत ‘गॅलपिंग घोस्ट’ हे पी-५१ विमान प्रेक्षकांजवळ कोसळलं. वैमानिक आणि दहा प्रेक्षक गेले. अमेरिकेच्या एनटीएसबीने कारण शोधलं ते डाव्या ट्रिम टॅबपाशी जाऊन थांबलं. लॉकनटांमधली इन्सर्ट जीर्ण झाली होती, त्यामुळे टॅबचे स्क्रू सैल पडले, एका स्क्रूला फटीग क्रॅक गेली, टॅबचा ताठपणा कमी झाला आणि शर्यतीच्या वेगात फ्लटर सुरू झाला. विमान इतक्या झटक्यात वर उसळलं की वैमानिकावर सतरा जीहून जास्त भार आला. शुद्ध जायला तेवढा भार पुरेसा असतो. आपली विमानं त्या वेगाच्या जवळपासही जात नाहीत, हे खरं. पण ताठपणा कमी होत गेला की फ्लटरचा वेगही खाली येत जातो, आणि तो कुठपर्यंत खाली आला हे पॅनेलवरचा एकही काटा सांगत नाही.

म्हणून शेपूट भिंतीवरून उतरेल तेव्हा झाकण उघडाच. पुशरॉडच्या दोन्ही टोकांना आटे पुरेसे आत गेलेत का, क्लेव्हिसच्या पिनेला सेफ्टी आहे का, पियानो बिजागरीची तार सरकून बाहेर येऊ शकते का, हे पाहा. एकदा वापरलेला नायलॉनचा लॉकनट पुन्हा लावू नका. एलिव्हेटर स्थिर धरून टॅबची मागची कड बोटाने हलवा. खळखळ जाणवली तर ती नेमकी कुठून येते हे सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. सर्व्हो बिजागरीच्या मागे असतो, आणि रंगाचंही वजन तिथेच पडतं. त्यामुळे एलिव्हेटरचा तोल सर्व्हो, टॅब आणि रंग यांच्यासकट पुन्हा तपासायचा. रंगाआधी घेतलेल्या तोलावर विसंबून चालत नाही.

आता विजेचं. मोटरच्या दोन्ही तारा पांढऱ्या असतात आणि त्यांची अदलाबदल केली की सर्व्हो उलटा चालतो. ही सोय म्हणून दिलेली आहे, पण चूक करायला याहून सोपी जागा विमानात क्वचितच सापडेल. त्यात नाक वर हवं असेल तर टॅबची कड खाली जायला हवी. टॅब वर म्हणजे नाक वर, असं समजून खुशीत अंगठा दाखवणारे मदतनीस आम्ही पाहिले आहेत. तपासणाऱ्याला आधी हे समजावून सांगा आणि मगच शेपटीमागे उभं करा. दोन्ही स्टिकवर बटणं असतील तर मध्ये रिले येतात. रिले चिकटला की बटणावरून अंगठा काढूनही टॅब चालत राहतो. अशा वेळी फक्त ट्रिमची वीज तोडणारा स्विच किंवा ओढता येणारा ब्रेकर पट्टा बांधलेल्या अवस्थेत हाताला लागलाच पाहिजे. पॅनेलखालच्या ब्लेड फ्यूजपर्यंत त्या क्षणी कुणाचाही हात पोचणार नाही.

वेगाचा हिशेबही आधीच करावा. टॅबवरचा हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ नॉटला धावपट्टीकडे येताना बटणाच्या एका दाबाने जेवढा फरक पडतो, त्याच्या सुमारे सहापट जोर तोच दाब १६० नॉटला आणतो. म्हणून सर्व्होचा वेग कमी करणारं छोटं सर्किट आम्ही चैनीत धरत नाही. केबलवाल्यांना हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की केबलच्या मुठीला रिले नसतो आणि ती आपोआप पळत सुटत नाही. रात्री किंवा ढगात एकट्याने उडणाऱ्याने विजेचा ट्रिम घेण्यापूर्वी यावर एक संध्याकाळ घालवावी. इथे बोइंग मॅक्सचा दाखला देण्याचा मोह होतो, पण तिथे अख्खा स्टॅबिलायझर फिरत होता. छोट्या टॅबची ताकद त्यामानाने मर्यादित असते. किती मर्यादित, ते मात्र आपापल्या विमानावर मोजावं लागतं.

हे मोजायला अमेरिकेत पहिल्या टप्प्याच्या चाचणी-उड्डाणांचे साधारण २५ किंवा ४० तास मिळतात. पुरेशी उंची घेऊन, आधी कमी वेगात, ट्रिम थोडा थोडा एका टोकाकडे न्यायचा आणि स्टिक धरून ठेवायला किती जोर लागतो ते पाहायचं. मग वेग पायरीपायरीने वाढवायचा. एका हाताने विमान धरवत नसेल तर टॅबची हालचाल मर्यादित करावी. उतरण्यासाठी नाक-वर ट्रिम केलेलं असताना गो-अराउंडची पूर्ण पॉवर दिली तर काय होतं, हेही वरच करून पाहा. अमेरिकी प्रशिक्षणात एलिव्हेटर ट्रिम स्टॉल स्वतंत्रपणे शिकवतात तो याचसाठी.

आपल्याकडे घरी विमान बांधणारे अगदी मोजके. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणाऱ्या अमोल यादव यांना २०१७ मध्ये त्याची नोंदणी मिळाली, तेव्हा बातम्या गच्चीच्या झाल्या आणि नोंदणीसाठी केलेल्या झगड्याच्या झाल्या. कंट्रोल सर्किटबद्दल कुणी काही विचारलं नाही. निदान या मासिकात तरी ते विचारलं जावं. ज्या वाचकांची विमानं उडती आहेत त्यांनी साधा स्प्रिंगचा काटा स्टिकला लावून, ट्रिम दोन्ही टोकांना असताना, वेगवेगळ्या वेगांना लागणारा जोर किलोत कळवावा. मोजणी करताना नोंदी घ्यायला दुसरा वैमानिक बरोबर हवा, आणि तो नियमाने चालणार नसेल तर चाचणीचा टप्पा संपेपर्यंत थांबा. पत्रात विमानाचं मॉडेल, सर्व्होचा थ्रो, वेग कमी करणारं सर्किट आहे की नाही आणि टॅब दोन्ही बाजूंना किती अंश फिरतो, एवढं असलं की पुरे. पुरेशी पत्रं आली की तक्ता छापू.