अनुकूल वाऱ्याची शिडे

वारा पाहून पाठ फिरवणारा माणूस आपल्याकडे हलका समजला जातो. वक्तृत्वस्पर्धांतून गौरव होतो तो वादळाशी झुंजणाऱ्या नावाड्याचा. पण वारा अनुकूल असताना त्या नावाड्याने काय केले, हे कोणी विचारीत नाही. मला वाटते, खरी परीक्षा तेव्हाच असते.

एकोणिसाव्या शतकातील चौकोनी शिडांच्या जहाजांवर ‘स्टडिंग सेल’ नावाची जादा शिडे असत. डोलकाठीवरील आडव्या काठीच्या टोकाबाहेर आणखी एक काठी सरकवायची आणि नेहमीच्या शिडाच्या बगलेला हे हलके शीड ताणायचे. हवा चांगली आणि वारा पाठीमागून असेल तेव्हाच त्यांचा उपयोग. ऐकून वाटते, ही तर चैनीची शिडे! वस्तुतः ती लावणे म्हणजे जादा काठ्या, जादा दोर आणि जादा माणसे. वाऱ्याची दिशा बदलली की ती काढायची. जोराची झड आली की काठी मोडण्याच्या आत उतरवायची. चांगल्या हवेतही खलाशांच्या हाताला विसावा नसे.

एवढा खटाटोप कशासाठी? १८६६ साली चीनमधील फूचौहून नव्या हंगामाचा चहा घेऊन क्लिपर जहाजे लंडनकडे निघाली. १४,००० मैलांहून अधिक प्रवास, सुमारे ९९ दिवस. आणि शेवटी ‘टेपिंग’ हे जहाज ‘एरियल’च्या अवघी २८ मिनिटे आधी गोदीत शिरले! अशा शर्यतीत मंद वाऱ्याची एक दुपार वाया घालवणे कोणाला परवडले असते?

कोणी म्हणेल, ‘कटी सार्क’चे काय? १८६९ साली पाण्यात उतरलेल्या या जहाजाच्या डोलकाठ्या १८८० मध्ये आखूड केल्या, शिडांचा पसारा कमी केला. तरी पुढे ऑस्ट्रेलियाची लोकर आणताना त्याने वेगात नाव कमावले. आक्षेप खरा आहे. पण त्या मार्गावर दक्षिण महासागराचे जोरदार पश्चिमी वारे होते. असा वारा लाभणाऱ्याला जादा शिडे लागत नाहीत. आपल्यापैकी कितीजणांना तो लाभतो?

आपल्या वाट्याला येते ती मंद झुळूक. परीक्षा लांब असते, ग्रंथालय उघडे असते, तासानंतर शंका विचारली तर सर थांबतात. त्या दिवसांत मी काय केले? गेल्या वर्षी पहिल्या सत्रात ग्रंथालयातून एकच पुस्तक नेले, तेही न वाचता परत केले. मग परीक्षेच्या तोंडावर रात्री जागवल्या आणि ‘वादळाशी झुंजलो’ म्हणून मित्रांत मिरवलो. ते वादळ मीच ओढवून घेतले होते, हे मात्र सांगितले नाही.

पुढे खर्च वाचवण्यासाठी जहाजांवरील माणसे कमी झाली आणि स्टडिंग सेल मागे पडली. वारा पूर्वीसारखाच वाहत होता; शिडे लावणारे हात उरले नव्हते. आपले हात तर अजून शाबूत आहेत.