जिना चढणारे वजन

“डॉक्टर, माझ्या उंचीला वजन किती पाहिजे?” बाह्यरुग्ण विभागात दिवसातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. चपलेच्या नंबरासारखा, एकदा कळला की पुन्हा विचारायला नको. पूर्वी मीही तो देत असे. सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा, झाले. हल्ली मी उलट विचारतो, “तुम्ही राहता कितव्या मजल्यावर? आणि चढताना कुठे थांबता?”

हा बदल एका बाईंमुळे झाला. वय ४६, अंगणवाडीत मदतनीस. चार महिन्यांत त्यांचे वजन ६८ वरून ५९ किलोवर आले होते. रात्रीचे जेवण बंद, सकाळी एक भाकरी आणि भाजी, दुपारी काकडी-टोमॅटो. घरचे खूश होते, शेजारणी ‘काय केलंस?’ म्हणून विचारत होत्या. उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २८ वरून साडेचोवीसच्या आसपास आला होता. कागदावर पाहिले तर पाठ थोपटावी अशीच केस. पण बाई तक्रार घेऊन आल्या होत्या. “पोरांबरोबर खाली बसले की उठताना भिंत धरावी लागते, डॉक्टर. जाड होते तेव्हा असं नव्हतं.”

थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे सगळे पाहिले. (वजन मुद्दाम कमी केलेले असले तरी एवढे उतरल्यावर ते पाहावेच, आपोआप उतरले असेल तर क्षय आणि मधुमेह आधी.) काही सापडले नाही. सापडले ते मांडीला हात लावल्यावर. स्नायू उतरले होते. केवळ उपासमारीने वजन झपाट्याने घटवले तर गेलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, आणि त्यात स्नायूही असतात. जेवणात प्रथिने कमी आणि व्यायाम शून्य, असे असेल तर हा हिस्सा आणखी वाढतो. वजनकाटा मात्र चरबी आणि स्नायू एकाच भावाने तोलतो.

आपण ज्याला ‘आदर्श वजन’ म्हणतो ती कल्पना आली कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांनी १८३२च्या सुमारास मांडले. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. त्यांना समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. उंचीनुसार ‘आदर्श’ वजनाचे तक्ते लोकप्रिय केले ते १९४०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने. कोणत्या वजनाचे विमाधारक जास्त जगतात, हा त्यांचा हिशेब होता आणि धंद्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण या माणसाला पाण्याची कळशी उचलता येते का, बस पकडायला धावता येते का, हे त्या तक्त्यांनी कधी विचारलेच नाही.

आपल्या अंगाला हे सूत्र आणखीच तोकडे पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच जोडी मांडली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. मात्र शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा, असा हा भारतीय देह. म्हणूनच आपल्याकडे जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटरवर आणली गेली.

मला हे पुस्तकातून ठाऊक होते. अनुभवाने कळले ते एका उन्हाळ्यात, रुग्णालयाची लिफ्ट आठवडाभर बंद पडली तेव्हा. माझी उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ६५ किलो. नोकरीला लागलो तेव्हाही जवळपास एवढेच होते, आणि त्याचा मला गर्व होता. चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात जाताना तिसऱ्यावरच धाप लागली. सिस्टर म्हणाल्या, “सर, बसा जरा,” आणि समोर स्टूल सरकवले. संध्याकाळी घरी टेप लावली, कंबर ९२. वजन तीस वर्षे तेच राहिले होते, पण पायातले स्नायू गेले आणि पोटावर चरबी आली, म्हणून काटा हलला नव्हता. आता रुग्णांना टेप लावताना ‘डॉक्टर, तुमची किती?’ असे कोणी विचारले तर सांगावे लागते.

याची दुसरी बाजू वारीतल्या ड्यूटीवर दिसते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्यांत चाळीस किलोच्या आजीबाई असतात आणि नव्वद किलोचे शेतकरीही. पायाचे फोड दोघांनाही येतात. पण तंबूत दम लागला म्हणून येणाऱ्यांत, माझ्या पाहण्यात तरी, जाडे लोक जास्त असे दिसले नाही. वर्षभर न चालता एकदम निघालेले जास्त दिसले.

म्हणून वजनाला महत्त्व नाही, असे कोणी समजू नये. गुडघ्याची झीज झालेल्या वयस्क, स्थूल रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या २००५च्या अभ्यासात, एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो, असे दिसले. पाच किलो उतरवले तर पावलामागे वीस किलो. साखर आणि रक्तदाबाचा लाभ वेगळाच. प्रश्न एवढाच की, उतरवायचे कुठपर्यंत?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडे पाहा. मैदानी चाचणीत १६०० मीटर धावायचेही असते आणि गोळाही फेकायचा असतो. धावण्यासाठी उपाशी राहून वाळलेला मुलगा गोळ्याला मार खातो. जिममध्ये पावडरी खाऊन फुगलेला तिसऱ्या फेरीत मागे पडतो. दोन्ही कामे बऱ्यापैकी जमतील असे एक वजन प्रत्येकाचे असते आणि मैदानावर रोज उभा असणारा चांगला प्रशिक्षक ते तक्त्याशिवाय ओळखतो. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तो वजनगटाच्या नियमाचा आकडा होता. तुमच्या-माझ्यावर असा कोणताही नियम नाही. तरी आपण काट्यावर तसेच श्वास रोखून उभे राहतो.

आपले मैदान म्हणजे घर, जिना आणि बाजार. तिथल्या चाचण्या साध्या आहेत. हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंदांच्या आत जमायला हवे. ही मर्यादा आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ज्येष्ठांसाठी घालून दिली आहे, तेव्हा चाळिशीतल्या माणसाला ती ओलांडताना लाज वाटायला हरकत नाही. नेहमीच्या चालीने सहा मीटर सहा सेकंदांत. दोन्ही हातांत पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन दोन मजले, न थांबता. आणि आधार न घेता जमिनीवर बसून पुन्हा उठणे. ब्राझीलच्या क्लॉडिओ अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना एवढेच करायला लावले; ज्यांना हात-गुडघ्यांचा आधार जास्त लागला त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूही जास्त झाले. उठता न येणे हे मृत्यूचे कारण नाही, पण अंगात किती शिल्लक आहे ते त्यावरून दिसते. पंगतीत मांडी घालून बसणाऱ्यांच्या देशात ही चाचणी ब्राझीलहून यावी, याची गंमत वाटते. डायनिंग टेबल घरोघरी आले आणि जमिनीशी संबंध सुटला. (गुडघे फार दुखत असतील, तोल जात असेल किंवा हाडे ठिसूळ असतील तर ही चाचणी एकट्याने करू नये. जिन्यात छातीत दुखले तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा.)

आता वजन शोधायचे कसे? आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घाई करू नका आणि महिन्यातून एकदा काट्याबरोबर टेप आणि या चाचण्या घ्या. वजन व कंबर उतरते आहे आणि जिना सोपा होतो आहे, तर चालू ठेवा. वजन उतरते आहे पण खुर्चीला वेळ जास्त लागतो आहे, तर थांबा. तुम्ही चरबीऐवजी पाय गमावत आहात. एक टप्पा असा येतो की आणखी दोन किलो घटवूनही जिन्यात फरक पडत नाही आणि कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आलेली असते. त्याच्या आसपासचे तीन-चार किलो, हे तुमचे वजन. तक्त्यापेक्षा ते चार किलो जास्तही निघेल. बिघडत नाही.

त्यासाठी आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना काम हवे. उठाबशा किंवा भिंतीवरचे जोर चालतील, जिम लागत नाही. आणि ताटात प्रथिने हवीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ‘वरण खातो की’ असे सगळे सांगतात. वाटीतले वरण बरेचदा पिवळे पाणी असते. घट्ट वरण, उसळ, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, मासे. वजन उतरवताना तर याकडे अधिकच लक्ष हवे. वजन घटवण्याची नवी इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्या बाजारात आली. ती परिणामकारक आहेत, काहींना गरजेचीही आहेत. पण भूक मेली की उसळही जात नाही, आणि हा इशारा चिठ्ठीवर लिहिलेला मला क्वचितच दिसतो.

एक मागणी आरोग्य खात्याकडे. तिशीच्या पुढच्यांची माहिती भरताना आशाताई कंबरेचा घेर विचारतात, ही चांगली सुरुवात आहे. त्याला खुर्चीची चाचणी जोडावी. एक खुर्ची आणि मोबाइलमधले घड्याळ, एवढाच खर्च. वार्षिक तपासणीच्या अहवालात बीएमआयचा रकाना असतो, माणूस उठतो कसा याचा नसतो. भिंतीचा आधार लागू लागला हे पन्नाशीत कळले तर काही करता येते. सत्तरीत खुब्याचे हाड मोडल्यावर कळले तर आमच्या हाती फारसे उरत नाही.

अंगणवाडीच्या त्या बाई तीन महिन्यांनी आल्या. दुपारी मटकीची उसळ आणि रोज वीस उठाबशा सुरू केल्या होत्या. काट्यावर उभ्या राहिल्या आणि चेहरा पडला. “दीड किलो वाढलं, डॉक्टर. आता?” म्हटले, “ताई, आधी खाली बसून दाखवा.” त्या बसल्या आणि गुडघ्यावर एक हात टेकवून उठल्या. भिंत चार पावले लांब होती. कंबर मोजली, दोन सेंटिमीटर कमी भरली. केसपेपरवर वजनाशेजारी मी हेही लिहिले, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची दिली.