डब्यातील प्रथिने आणि ताटातील प्रथिने

काही महिन्यांपूर्वी पंधरा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. मुलगा अंगाने स्थूल. व्यायामशाळेतील कोणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने पोळी-भात वर्ज्य करून दिवसातून तीन वेळा प्रथिनांची पावडर घेण्यास आरंभ केला होता. महिन्याभरात चार किलो वजन उतरले म्हणून आई आनंदात होती. तक्रार एवढीच की, बद्धकोष्ठ झाले आहे आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. त्या आनंदावर विरजण घालण्याचे काम माझ्या वाट्याला आले.

'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण आपण सुरतकर मराठी मंडळींनी, निदान तिचा पूर्वार्ध तरी, मनापासून स्वीकारली आहे. लोचो, उंधियू, घारी आपलीशी झाली आणि पुरणपोळीही सुटली नाही. तेव्हा स्थूलता हा आपल्या घरातला प्रश्न आहे, हे मान्यच करावयास हवे.

या प्रश्नाचे मूळ पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उलगडून दाखविले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. आपली बालके सर्व अंगांनी लहान. पण तूट प्रामुख्याने स्नायूंत होती, त्वचेखालील मेद मात्र बराचसा टिकून होता. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बी.एम.आय. २२.३, पण शरीरातील मेद एकाचा २१.२ टक्के, दुसऱ्याचा ९.१ टक्के. अधिक मेद कोणाचा, हे सांगावयास नकोच!

याचा अर्थ असा की, प्रथिनांचा आग्रह धरणारे अर्धे बरोबर आहेत. पोहे, साबुदाणा, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण यांत स्नायूंना पुरेसे द्रव्य नाही. परंतु उरलेले अर्धे चुकते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने पुरतात. दोन वाट्या घट्ट वरण, एक वाटी मटकीची उसळ, दोन पेले दूध, चार पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ही गरज भागते. अंडे खाणाऱ्यांचे तर आणखी सोपे. याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे.

पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की पहिल्या आठवड्यांत जे वजन उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शिवाय वाढत्या मुलाचे वजन उतरविणे हे बहुधा आपले उद्दिष्टच नसते. वजन रोखून धरावे आणि उंचीला पुढे जाऊ द्यावे, हे शहाणपणाचे.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. 'बाळ अंग धरत नाही' या तक्रारीवर मीही अनेक वर्षे पावडरीचे डबे लिहून दिले. वास्तविक युरोपातील एका मोठ्या चाचणीत अधिक प्रथिनांचे दूध मिळालेली तान्ही बालके सहाव्या वर्षी अधिक स्थूल आढळली. डब्यावरचा विश्वास आपणच घराघरांत रुजविला. मग व्यायामशाळेतील सल्लागारास दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती की, औषधचिठ्ठीवर डब्याच्या नावाऐवजी उसळीचे नाव लिहावे, आणि वजनकाट्याबरोबर कमरेची फीतही वापरावी. पालकांना सांगणे एवढेच की, मुलाला पावडर देण्याआधी त्याच्या ताटात डोकावून पाहावे.

तो मुलगा आता पोळी खातो, वरण घट्ट मागतो आणि सायंकाळी मैदानावर धावतो. वजन थोडे परत चढले, पण उंचीही वाढली. आई अजून काट्याकडेच पाहते. मी मात्र त्याच्या कमरेची फीत पाहून समाधानी आहे.