शेळी विकताना टेप हाती घ्या



ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशा घरातही दारात एखादी शेळी असते. वह्या-पुस्तके, दवाखाना, लग्नकार्य, अडीनडीला तीच उपयोगी पडते. म्हणून आज तिच्याविषयी.

आमच्या आईच्या तीन पाठी होत्या, उस्मानाबादी, काळ्याभोर. जूनचा पाऊस पडला, आठवड्यात बांधावर कोवळे गवत आले. संध्याकाळी पोटभर चरून आलेल्या पाठी सकाळी पोट फुगून मरून पडल्या होत्या. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी देवीला कोंबडे कबूल करायला सांगितले. कोंबडे गेले, पाठी काही परत आल्या नाहीत.

तो रोग आंत्रविषार. त्याचे जंतू शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात आधीपासूनच असतात. एकदम कोवळा चारा किंवा जास्तीचे धान्य पोटात गेले की ते झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष जनावराला मारते. त्यामुळे अंगाने भरलेली, भरपूर खाणारीच आधी जातात. यावर लस आहे. ती पावसाळ्यापूर्वी दरवर्षी टोचावी लागते. पहिल्यांदाच टोचत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा हवी, म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीलाच सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जा. पाच-दहा घरांनी मिळून शेळ्या एका ठिकाणी आणल्या तर डॉक्टरांनाही सोयीचे होते. पहिल्या पावसानंतर काही दिवस सकाळी थोडा वाळला चारा घालूनच शेळ्या सोडाव्यात. त्याच खेपेला पीपीआरच्या लसीचेही विचारा. करडू तीन-चार महिन्यांचे झाले की ती देता येते आणि सुमारे तीन वर्षे पुरते.

आता विक्री. व्यापारी दारात येतो, पाठीच्या कण्यावरून हात फिरवतो आणि आकडा सांगतो. त्याला वजन कळलेले असते, आपल्याला नसते. काटा नसेल तर शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर २८, लांबी २६ आली तर वजन ३१ किलोच्या जवळपास भरते. हा अंदाज आहे, एक-दोन किलो इकडेतिकडे होईल. मटण त्याच्या निम्म्याच्या आसपास पडते, तेव्हा बाजारातला मटणाचा भाव आधी विचारून ठेवा. हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलीकडून करून घ्या आणि तो व्यापाऱ्यासमोरच करा. आमच्या शेजारच्या मावशींनी असे केले तेव्हा व्यापारी आधी हसला, मग त्याने स्वतःच टेप धरून पुन्हा मोजले.